बेबी कुमुदचं रडणं

पंचवटीच्या भाजीबाजारात कुमुदताईंबरोबर जाणं म्हणजे वेळेचा सत्यानाश. वांगी, मेथी आणि कोथिंबीर एवढीच खरेदी. पण सकाळ जायची. तीन गाळे पुढे गेलं की कुणीतरी वयस्क बाई हातातला तराजू तसाच धरून टक लावून बघत राहायची. मग शेजारणीला कोपर मारायची. मग ओरडायची, "आवो, तुमी ती शिनेमातली पोरगी ना? घाटावर रडती ती?"

"हो, तीच."

"लय रडवलं बाई तुमी आमाला! माझी आय तर दोन दिस जेवली नव्हती."

"चुकलंच माझं," कुमुदताई अगदी गंभीरपणे म्हणायच्या. "मेथी कशी दिली?"

त्या बाईचं एवढ्यावर समाधान होत नसे. ती कुमुदताईंची हनुवटी धरून लाडानं म्हणायची, "आता एकदा रडून दाखवा की." पन्नाशी ओलांडलेल्या, पाठीचं दुखणं असलेल्या, हातात भाजीची पिशवी घेतलेल्या बाईला भरबाजारात रडून दाखवा म्हणायचं! मला संताप यायचा. कुमुदताई हसून मेथीची जुडी उलटून मुळं बघायच्या.

त्या सिनेमाचं नाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच म्हणाल, "अरे, ती का ती!" आणि मग पुढचं काही ऐकणार नाही. एवढंच सांगतो, की एके काळी यात्रांच्या तंबूतसुद्धा तो सिनेमा तुडुंब चालायचा. त्यात आई वारलेली एक सहा वर्षांची मुलगी नदीच्या घाटावर हंबरडा फोडते. ती मुलगी म्हणजे बेबी कुमुद. बायका म्हणे घरून जास्तीचा रुमाल घेऊन जायच्या. माझ्या स्वतःच्या वडिलांना, जे आमच्या निकालाचा दिवस सोडून कधी हळवे झाले नाहीत, मी त्या प्रसंगाला चष्मा पुसताना पाहिलं आहे.

मी कुमुदताईंना ओळखू लागलो तेव्हा मात्र त्या आमच्या शाळेच्या बालवाडीच्या बाई होत्या. मी वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायचो. त्या उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न चढवताच पोचायचा. पोरांवर त्या कधी ओरडत नसत. त्यांना गरजच पडायची नाही.

त्यांची एक सवय सगळ्या शाळेला विचित्र वाटायची. त्या लहान मुलांशी खोटं बोलत नसत. म्हणजे अगदी बिनमहत्त्वाचं, सोयीचं, आपण सगळे रोज बोलतो तेसुद्धा नाही. शाळेत लस टोचायला नर्सबाई आल्या की आम्ही सगळे शिक्षक एका सुरात म्हणायचो, "काही होत नाही रे, मुंगी चावल्यासारखं!" कुमुदताई आपल्या वर्गाला सांगायच्या, "दुखणार आहे. थोडा वेळ चांगलंच दुखेल. मी हात धरून ठेवीन, तुम्ही पाहिजे तेवढा दाबा." मुख्याध्यापक वैतागले, म्हणाले, आता पोरं पळतील. झालं उलटंच. मुंगीवाली पोरं दुसऱ्या वर्गातून भोकाड पसरत पळाली आणि कुमुदताईंची पोरं रांगेत उभी राहिली. संध्याकाळी त्यांचा हात मनगटापासून बोटांपर्यंत लाल झाला होता. तो त्या थंड पाण्यात बुडवून बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, "सर, चहा तुम्हीच ओता."

शाळा सुटली की आमच्या हौशी नाटकमंडळीची तालीम. तिथं मला खऱ्या कुमुदताई दिसल्या. मी नाटकात असायचो म्हणजे काय, तर नोकर, पोस्टमन, शेजारचे काका. भूमिका लहान असली तरी माझा उत्साह दांडगा. कुमुदताई सगळ्यांच्या आधी यायच्या. वेशभूषा चढवली की खाली बसायच्या नाहीत, साडीला चुण्या पडतात म्हणून. विंगेत तासन्तास उभ्या. प्रयोगाआधी पोटभर जेवायच्या नाहीत, उपाशीही राहायच्या नाहीत. अर्धी भाकरी आणि चटणी. आणि रंगमंचावर पाऊल टाकल्यावर डोळे मिटून एक गाल किंचित वर करायच्या आणि पुढे-मागे सरकायच्या. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील.

"देव कसला," त्या म्हणाल्या. "उजेड शोधते. लहानपणी शूटिंगला जमिनीवर आखलेल्या मार्कावर उभं राहायचं असायचं आणि खाली बघायची परवानगी नव्हती. मग मी गालावर ऊब कुठं लागते ते बघायला शिकले. जिथं गाल तापतो तिथं थांबायचं."

पुढे आमच्या हॉलमध्ये नव्या तऱ्हेचे दिवे बसवले. झकपक उजेड, पण ऊब नावालाही नाही. पहिल्या तालमीला कुमुदताई अख्खा प्रवेश अंधारात उभ्या राहून बोलल्या. दिवेवाला वरून ओरडतोय, "ताई, दोन पावलं डावीकडं!" आणि या आपल्या गाल वर करून ऊब शोधताहेत. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या तालमीच्या कितीतरी आधी येऊन रंगमंचावर एकट्याच चालत होत्या. पुन्हा पुन्हा, विंगेपासून मधल्या खुर्चीपर्यंत, पायांना जागा पाठ करून देत. त्या वयात कुणी नव्यानं चालायला शिकतं का? त्या शिकल्या. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही.

मधल्या वर्षांविषयी त्या फारसं बोलत नसत; जे थोडं बोलत ते चेष्टेनं. तेराव्या वर्षी उंची वाढली, पुढचे दात मोठे आले. निर्माते भेटायला यायचे आणि दारातच म्हणायचे, "अरेच्चा, ही मोठी झाली!" जणू घरात चोरीच पकडली. नंतर नायिकेच्या मैत्रिणीची कामं, तीही दोनच. मग दौऱ्यावरची नाटकं. पोरगी चोवीस वर्षांची झाली तरी पोस्टरवर नाव 'बेबी कुमुद'च. नाटक धमाल विनोदी, पण कंत्राटदाराची अट अशी, की मध्यंतरानंतर हिनं पडद्यापुढं येऊन तो घाटावरचा हंबरडा फोडून दाखवायचा.

"मग तुम्ही करायचात?"

"एक हंगाम केलं. जीव ओतून केलं हो. आणि दर ठिकाणी प्रयोग संपल्यावर कुणीतरी आत यायचं, शाल-नारळ द्यायचं आणि म्हणायचं, 'छान. पण लहानपणीची सर नाही.'" त्या हसल्या. "बरोबरच होतं त्यांचं."

त्यानंतर त्यांनी ते रडणं बंद केलं. कंत्राटदारानं नाटकातून काढलं, तेव्हा नाशिकला येऊन बालवाडीत नोकरी धरली. पण एक हट्ट मात्र सोडला नाही. नाटक कुठलंही असो, रडण्याचा प्रसंग असला की तो त्या स्वतःकडे मागून घ्यायच्या. मुख्य भूमिका नको, चार वाक्यांची विधवा आत्या द्या, पण रडणं माझं. घासून घासून तालमी करायच्या. लोक टाळ्या वाजवायचे. त्या विंगेत येऊन मान हलवायच्या, "नाही. नाही जमलं." मला कळेना, या बाईला नेमकं काय जमवायचं आहे.

ते कळलं वणीहून परत येताना. आमचा प्रयोग झाला होता, सकाळच्या एसटीनं निघालो होतो. गाडीत गडावरून देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या बायका. त्यातल्या एका आजीनं कुमुदताईंना ओळखलं आणि मांडीवरच्या नातीला दाखवलं, "बघ बघ, हीच ती! हिच्यासारखं कुणालाच रडता येत न्हाय." कुमुदताईंनी हात जोडले. आजी दिंडोरीला उतरल्या. मग कुमुदताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सर, मी त्या दिवशी अभिनय केला नव्हता."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवून त्यांच्याकडं वळलो.

"आई रोज सेटवर बसायची, माझ्यासमोर, पितळी डबा घेऊन. त्या दिवशी ती नव्हती. सकाळपासून मला रडू येत नव्हतं, सगळे वैतागलेले. मग एक माणूस पळत आला आणि म्हणाला, 'कुमुद, तुझ्या आईला ट्रकनं उडवलं.' मी ओरडले. कॅमेरा चालू होता. एका टेकमध्ये ओके झालं."

"आणि आई?"

"देवळाच्या भिंतीमागं होती. हसत आली. तिला ठाऊक होतं, तिनंच हो म्हटलं होतं. मला पेढा दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." कुमुदताई अजून खिडकीबाहेरच बघत होत्या. "ती जिवंत आहे हे कळून आनंद व्हायला हवा ना? मी तिच्याजवळ जाईना. मला वाटत होतं, ही माझी आई नाही, तिच्यासारखी दुसरी कुणी आणून उभी केलीय."

त्या आईला मी पाहिलं होतं. पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दारासमोरच सिनेमाचा फोटो लावलेला असे, आणि आल्यागेल्याला म्हातारी सांगायची, "माझी कुमुद रडली की दगडाला पाझर फुटायचा." कुमुदताई तिथंच कांदा चिरत बसलेल्या असायच्या. एका शब्दानं म्हातारीला त्यांनी कधी उघडं पाडलं नाही. शेवटच्या आजारात अंथरुणातच सगळं करायची वेळ आली, तेही कुरकुर न करता केलं. एकदाच म्हणे त्यांनी विचारलं होतं, तू हो का म्हणालीस? म्हातारी चकित झाली. म्हणाली, "अगंबाई, तुला ते अजून आठवतं?"

"सगळ्या महाराष्ट्राला माझी एकच गोष्ट लक्षात आहे," कुमुदताई त्या एसटीत म्हणाल्या, "आणि ती मी केलेलीच नाही. कुणीतरी माझ्याकडून काढून घेतली. मरायच्या आत एकदा तरी ते मला स्वतः करायचंय, सर. खोटं, पण तेवढंच खरं. आणि मला माहीत असलं पाहिजे की हे मी करतेय."

आता नाशकात मालिकांची शूटिंगं होऊ लागली आहेत. सायखेड्याला गोदावरीकाठच्या एका मळ्यातलं घर घेऊन अशीच एक मालिका सुरू झाली आणि कुमुदताईंना आजीची भूमिका मिळाली. चांगली, मोठी, इतक्या वर्षांतली पहिली. त्यांच्या वशिल्यानं मलाही गावच्या म्हाताऱ्याचं काम मिळालं. मला एकच वाक्य होतं: "यंदा कांद्याचं काही खरं नाही." मी ते आठवडाभर आरशासमोर म्हणत होतो. बायकोनं घरात कांदा आणणं बंद केलं.

त्या दिवशी दोन प्रवेश घ्यायचे होते. पहिल्यात नात रडते, कारण तिची आई नोकरीसाठी शहरात निघाली आहे. दुसरा कुमुदताईंचा एकटीचा. सून गेल्यावर रिकाम्या घरात आजी मोडून पडते. पानभर भाषण आणि शेवटी रडणं. त्या महिनाभर त्याची तयारी करत होत्या. सकाळी मला फक्त एवढंच म्हणाल्या, "आज बघू."

नातीचं काम करणारी मुलगी ओवी, पहिलीतली. चुणचुणीत, पण रडेना. दुपार टळली तरी रडेना. ग्लिसरीन घातलं तर डोळे चोळून लाल केले. दिग्दर्शक तरुण, स्वभावानं बरा, पण घायकुतीला आलेला. ऊन उतरत होतं. त्याच्या सहायकानं हळूच ओवीच्या आईला बाजूला घेतलं. मी ओट्याला टेकून उभा होतो, सगळं ऐकू आलं.

"वहिनी, तुम्ही पाच मिनिटं गाडीत जाऊन बसा. आम्ही तिला सांगतो की तुम्हाला अपघात झाला. रडली की लगेच या."

आईनं जरा विचार केला. मग म्हणाली, "बरं. विसरून जाईल ती नंतर."

कुमुदताई साडीला चुण्या पडू नयेत म्हणून खांबाशी उभ्या होत्या. त्या तिथून आल्या आणि ओवीच्या आईच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"विसरत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही गाडीत जायचं नाही, वहिनी. इथं बसा. तिला दिसाल अशा."

सहायक म्हणाला, "मॅडम, प्लीज, उजेड जातोय."

"मला थोडा वेळ द्या. मी करून घेते तिच्याकडून."

दिग्दर्शक आला. त्यानं हात जोडले. "कुमुदताई, ऐका. आता वेळ घालवला तर तुमचा सीन राहील. घर आजचाच दिवस आपल्याकडं आहे. तुमचा पूर्ण सीन कापावा लागेल मला."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, ताई, असू द्या, दुसऱ्याची पोर आहे, तुमचं आयुष्य गेलंय या एका प्रवेशासाठी! त्यांनी एकदा मळ्यापलीकडं ऊन कुठवर आलंय ते पाहिलं.

"कापा माझा," त्या म्हणाल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना शूटिंगच्या साडीत खाली बसताना पाहिलं. ओट्यावर, ओवीसमोर, फतकल मारून.

"ओवी, तुला रडायचं नाहीच आहे."

"मग?"

"रडू लपवायचंय. आई निघालीय. तिला जर कळलं की आपल्याला रडू येतंय, तर तिचा पाय निघणार नाही. म्हणून तिला कळू द्यायचं नाही."

"मग टीव्हीतल्या लोकांना कसं कळणार?"

"आपली हनुवटी चहाडी करते ना. बघ माझ्याकडं."

कुमुदताईंनी हात मांडीवर ठेवले आणि वर बघितलं. समोर कुणी उंच उभं असावं तसं. "आई," त्या म्हणाल्या, "खिडकीत बसू नको हां. वारा लागतो." आवाज त्यांचाच होता, पण लहान झाला होता. कसा, ते मला सांगता येणार नाही; बारीक काढला नव्हता, नक्कल नव्हती. "डबा घेतलास?" मग हनुवटी हलली. त्यांनी ती दाबून धरली, ती पुन्हा हलली. डोळे भरत आले, काठापर्यंत आले आणि त्यांनी ते तिथंच थांबवले. "मी नाही रडत," त्या म्हणाल्या, आणि हसायचा प्रयत्न केला.

चहाचा ट्रे घेऊन चाललेला माणूस वाटेत थांबला. मळ्याची मालकीण दारात होती, तिनं तोंडाला पदर लावला, "आई गं..." एवढंच पुटपुटली. दिग्दर्शक खुर्चीतून कधी उठला ते त्यालाही कळलं नसेल. मी साठी उलटलेला, विज्ञान शिकवलेला माणूस. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं मला सुचलं नाही. कॅमेरा बंद होता. कुणालाच त्याची आठवण राहिली नव्हती.

तेवढ्यात ओवी टाळ्या पिटत म्हणाली, "परत कर!"

कुमुदताईंनी तळहातानं चेहरा पुसला. खाली निव्वळ कोरा चेहरा, बालवाडीच्या बाईंचा. आणि परत केलं. तेच. तीच हनुवटी त्याच शब्दाला हलली, पाणी त्याच काठाला येऊन थांबलं. मालकीणबाई परत रडल्या. मला माहीत होतं पुढं काय होणार आहे, तरी मी परत रडलो. ओवी म्हणाली, "अजून एकदा!" आणि त्यांनी अजून एकदा केलं, या वेळी हळू, मध्ये थांबून, "आता इथं श्वास घ्यायचा, इथं ओठ मिटायचे," असं सांगत, एखादी भरतकामाचा टाका शिकवते तसं. आणि तरीसुद्धा! सांगत सांगत केलं तरीसुद्धा आम्ही सगळे पाघळलेले.

मी आयुष्यात मोठे नट पाहिले आहेत, पुढच्या रांगेत बसून पाहिले आहेत. असं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

मग ओवीनं केलं. तिची आई तिच्या समोरच बसली होती, कॅमेऱ्याच्या शेजारी. पोरीच्या डोळ्यांतून एक थेंब पडला नाही, नुसती हनुवटी हलली. आणि तिच्या खऱ्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एका टेकमध्ये झालं. ऊन तोवर मळ्याच्या कुंपणापलीकडं गेलं होतं. आजीचा प्रवेश गेला तो गेलाच. मालिकेत सून जाते आणि लगेच दुसरा दिवस उगवतो, आजी अंगणात धान्य निवडत असते. तुम्ही पाहिली असेल तर तुमच्या लक्षातही आलं नसेल.

आता कुमुदताई मुंबईला असतात. जिथं लहान मुलं कामाला असतात अशा मालिकांकडून त्यांना बोलावणी येतात, मुलांकडून काम करून घ्यायला. फोनवर बोलतो आम्ही. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या असतात त्या सायखेड्याच्या ओट्यावरच. दिवे उतरवत होते, वायरी गुंडाळत होते. कुमुदताई चुरगळलेल्या साडीत तशाच बसलेल्या, आणि ओवी बिस्कीट खात त्यांना टेकून.

"आजी," ती म्हणाली, "मगाशी तू खरं खरं रडत होतीस?"

कुमुदताईंनी तिच्याकडं पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मुळीच नाही. मी केलं ते."